घारापुरीची लेणी पाहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत घर असलं की बाहेरगावचे पाहुणे येतात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाआडून "आज काय बघायचं?" असं विचारतात. आमच्या घरी याचं उत्तर कित्येक वर्षं ठरलेलं आहे: घारापुरी. सासरचे, माहेरचे, पुण्याचे, नागपूरचे, परदेशातून सुट्टीवर आलेले, अशा अनेकांना मी तिथे घेऊन गेलोय. माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून एकदाचे लिहूनच काढले.

घारापुरी आणि एलिफंटा एकच का?

एकच. घारापुरी हे गावाचं जुनं नाव. दुसरं नाव पोर्तुगीजांचं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना दिली, त्यात हेही गेलं. त्या वेळी बेटावरच्या राजबंदर वस्तीच्या बाजूला दगडात कोरलेला एक भलामोठा हत्ती उभा होता. त्याला पाहून त्यांनी बेटालाच हत्तीचं नाव देऊन टाकलं.

हा हत्ती बेटावर शोधू नका. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडेच मुंबईत आणले, पुढे जोडले, आणि आज हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. येणारेजाणारे त्याच्याकडे बघतही नाहीत. ज्याच्यावरून नाव पडलं तोच तिथे नाही, तेव्हा आपण आपलं घारापुरीच म्हणावं, असं माझं मत.

म्हणजे हे मुंबईतच ना?

नाही. दिसतं मुंबईतून, बोट मुंबईहून सुटते, पण बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. आणि हो, उरणचं मोरा बंदर वेगळं आणि बेटावरचं मोराबंदर वेगळं. बोटीची चौकशी करताना यात गल्लत होते.

कुठल्या दिवशी जावं?

सोमवार सोडून कुठल्याही. महादेवाचा वार सोमवार, आणि महादेवाची लेणी नेमकी त्याच दिवशी बंद! हे मला ठाऊक असूनही एकदा मेव्हण्यांना आणि त्यांच्या दोन पोरांना घेऊन मी सोमवारी सकाळी गेटवेवर उभा होतो. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, त्यात वारांचा हिशेबच चुकला. मग समोरच्या वस्तुसंग्रहालयात नेऊन वेळ मारून नेली. मेव्हणे अजून सुनावतात.

शनिवार-रविवारी गर्दी फार असते. मधल्या वारी, पहिल्या-दुसऱ्या बोटीने गेलात तर मुख्य लेण्यात थोडा वेळ शांतता मिळते. महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पायऱ्या चढताना अक्षरशः घामाच्या धारा लागतात, पण लेण्यात शिरलात की दगडाचा गारवा अंगावर येतो, तेवढाच दिलासा.

बोट कुठून, कधी, किती वेळ लागतो?

गेट वे ऑफ इंडियाहून लाँच सुटतात. अंतर दहा-अकरा किलोमीटर, वेळ साधारण तासभर. पहिली लाँच सकाळी नऊच्या सुमारास निघते. दुपारी दोननंतर तिकडे जाणाऱ्या बोटीची आशा धरू नका. परतीच्या शेवटच्या बोटी पाच-साडेपाचच्या आसपास असतात. तिकीट येण्याजाण्याचं मिळून असतं, त्यामुळे परतीचा तुकडा जपून ठेवा. पाकिटात ठेवा, हातात नको. का, ते माकडांच्या प्रश्नात कळेल.

वरच्या डेकवर बसायचे थोडे जास्त पैसे बोटीतच मागतात. ते द्यावेत. तासभराचा हा प्रवास म्हणजे मुंबई बंदराची फुकटात फेरी असते. मागे ताज आणि गेटवे लहान होत जातात. वाटेत नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं लागतात. तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप लागतं. पलीकडे न्हावा-शेवा बंदराच्या उंचच उंच क्रेन दिसू लागतात. नौदलाची जहाजं दिसली की कॅमेरा खाली ठेवा, त्यांचे फोटो काढायला मनाई आहे. थंडीत बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो. त्यांना कुरकुरे-वेफर्स फेकण्याचा उद्योग सगळेच करतात, तुम्ही करू नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला आपण मीठ-मसाला कशाला चारायचा?

बोटीचा प्रवास सुरक्षित आहे का?

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि त्यात अनेकांचे जीव गेले. तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. लाइफ जॅकेट मागा, अंगात घाला, बंद लावा. मांडीवर ठेवून काही उपयोग नाही. पोराच्या मापाचं जॅकेट आहे का, हे बोट सुटण्याआधी बघा. बोट खच्चून भरलेली वाटली तर पुढच्या बोटीने जा.

पावसाळ्यात?

समुद्र खवळला की बोटी बंद होतात, आणि हे बऱ्याचदा त्या दिवशी सकाळीच कळतं. उघडीप मिळाली तर मात्र बेट हिरवंगार असतं आणि लेण्याच्या कपाळावरून पाण्याच्या बारीक धारा सुटलेल्या असतात. ज्यांचा बेत मोडला तरी चालतो, त्यांनीच या भानगडीत पडावं. परतीची गाडी किंवा विमान त्याच दिवशी असेल तर नकोच.

खर्च किती येतो?

बोटीचं तिकीट हा मोठा खर्च. दर बदलत असतात, तेव्हा गेटवेच्या खिडकीवर लावलेला फलक बघा. धक्क्यावरून पायऱ्यांपर्यंतची टॉय ट्रेन अगदी किरकोळ पैशांत. ग्रामपंचायतीचा कर, तोही किरकोळ. वर पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, परदेशी नागरिकांना ६००, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. खिडकीपेक्षा ऑनलाइन थोडं स्वस्त पडतं. परदेशी पासपोर्ट असलेला पुतण्या मराठीत कितीही अस्खलित बोलला तरी त्याला सहाशेच पडतात. आमच्याकडे यावरून घरगुती वाद झालेला आहे.

आजी-आजोबांना जमेल का?

धक्का बराच लांब आहे, कारण ओहोटीला किनाऱ्यालगत नुसता चिखल उघडा पडतो. बोट आत येऊच शकत नाही. ते अंतर टॉय ट्रेनने जाता येतं. पुढे सुमारे १२० पायऱ्या. चढ अंगावर येणारा नाही, पण गुडघ्यांची तक्रार असेल तर जाणवतो. दोन्ही बाजूंना दुकानांची रांग आणि वर ताडपत्र्या, त्यामुळे सावली असते आणि दर वीस पायऱ्यांवर "बघून तर जा, ताई" म्हणून थांबायला निमित्तही मिळतं. आमच्या मावशीने तर तीन ठिकाणी माळांचा भाव करत करत चढ संपवला, तिला कळलंही नाही.

अगदीच जमत नसेल तर खुर्चीची डोली मिळते, चौघं जण उचलून नेतात. पैसे आधी ठरवा, आणि ते जाऊन-येऊन आहेत की एकाच वेळचे, हेही स्पष्ट विचारा. खरी अडचण मला वाटते ती बोटीत चढण्या-उतरण्याची. लाँच हलत असते, कधी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकून जावं लागतं. तिथे वयस्कर माणसाचा हात सोडू नका.

माकडं त्रास देतात का?

देतात. त्यांना माणसांत रस नाही, माणसांच्या हातात काय आहे त्यात आहे. कोल्ड्रिंकची बाटली दिसली की संपलंच. माझ्या डोळ्यांदेखत एका माकडाने बाटली हिसकली, कठड्यावर बसून झाकण फिरवून उघडली, निवांत प्यायलं आणि रिकामी बाटली खाली टाकली. अगदी आपल्यासारखी. खाऊ पिशवीत, पिशवीची चेन बंद, आणि त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून दात दाखवायचे नाहीत. पोरांना हे बोटीतच सांगून ठेवा.

हे देऊळ आहे की नुसतं पर्यटनस्थळ? चपला काढायच्या का?

हे शिवमंदिरच आहे, डोंगर पोखरून केलेलं. फरक एवढाच, की रोजची पूजाअर्चा इथे चालत नाही. ते राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे आणि १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीतही आहे. महाशिवरात्रीला मात्र चित्र पालटतं. उरण-पनवेलकडची माणसं बोटी भरभरून दर्शनाला येतात, आणि एरवी ज्या गाभाऱ्यात पर्यटक डोकावून पुढे जातात तिथे रांग लागते.

सभामंडपात चपला घालून सगळेच फिरतात, त्याला कोणी हरकत घेत नाही. लिंगाच्या गाभाऱ्यात पायऱ्या चढून जाताना मात्र मी चपला खाली काढतो. एकदा एक नऊवारीतल्या आजी तिथे आल्या. पदराच्या गाठीतून बेलाचं एक पान काढलं, लिंगावर ठेवलं, हात जोडले आणि आल्या तशा निघून गेल्या. त्या वेळी माझ्यासोबतचा परदेशी पाहुणा कोपऱ्यात बूट घालून उभा होता. त्याला कोणी काही बोललं नव्हतं, तरी बिचारा आपसूक बाहेर गेला आणि बूट काढून आला.

कपड्यांचा काही नियम नाही. पायात पकड असलेलं काहीतरी असू द्या, दगड काही ठिकाणी गुळगुळीत झालाय.

ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, हे खरं का?

महाराष्ट्रातली कुठली लेणी पांडवांनी कोरलेली नाहीत ते सांगा! घारापुरीतल्या मुख्य लेण्याचा काळ अभ्यासक सहाव्या शतकाच्या मध्याला नेतात. कोणी करवून घेतलं, याचा शिलालेख आज उपलब्ध नाही. इथून एक कोरीव शिळा पोर्तुगीजांनी काढून पोर्तुगालला पाठवली, ती तिकडे हरवली, असं पोर्तुगीज बखरकारानेच लिहून ठेवलंय. ती राहिली असती तर निम्मे वाद मिटले असते.

उरतात ती अंदाजाची साधनं. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडली आहेत, म्हणून बरेच अभ्यासक कलचुरींचं नाव घेतात. काही जण कोकणच्या मौर्यांकडे बोट दाखवतात. पुढे चालुक्य पुलकेशी दुसरा याच्या ऐहोळे शिलालेखात (इ.स. ६३४) पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या 'पुरी'वर शेकडो नौका घेऊन स्वारी केल्याचं वर्णन आहे. ती पुरी म्हणजे हीच, असं मानणारे आहेत आणि न मानणारेही आहेत.

आत गेल्यावर नेमकं काय बघायचं? लोक दहा मिनिटांत बाहेर येतात.

येतात खरे. तासभर बोट, अर्धा तास चढण, आणि लेण्यात दहा मिनिटं: मोठ्या मूर्तीसमोर फोटो, संपलं. याचं कारण असं की आत शिरल्यावर कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. चारी बाजूंना अंधारे खांब आणि कोपऱ्याकोपऱ्यांत मूर्ती.

आधी जागा समजून घ्या. आपण उत्तरेकडून आत शिरतो आणि समोर, दक्षिणेच्या भिंतीत, ती प्रसिद्ध तीन मुखांची महेशमूर्ती दिसते. त्यामुळे देऊळ उत्तर-दक्षिण आहे असं वाटतं. पण उजवीकडे वळून बघा: खांबांच्या मध्ये चौकोनी गाभारा, चारी बाजूंना दारं, प्रत्येक दाराशी दोन, असे आठ धिप्पाड द्वारपाल. आत शिवलिंग. या गाभाऱ्याची सरळ रेघ पूर्वेच्या अंगणाकडे जाते. म्हणजे एकाच मंडपात दोन वाटा एकमेकींना छेदतात. एक पूर्वेकडून लिंगाकडे, दुसरी उत्तरेकडून महेशाकडे. हे एकदा डोक्यात बसलं की मूर्ती कुठे आणि का आहेत, ते उलगडायला लागतं. आणि हे सगळं बांधलेलं नाही, वगळलेलं आहे. एकच अखंड कातळ. नको तो दगड काढला आणि खांब, तुळया, गाभारा, देव असे शिल्लक ठेवले. एक घाव चुकला तर तो दगड पुन्हा लावायची सोय नाही.

दाराशीच दोन बाजूंना दोन शिव. डावीकडे कमळावर ध्यानस्थ बसलेला योगीश्वर. तो इतका शांत, की निम्म्या लोकांना बुद्ध वाटतो. उजवीकडे नटराज, आठ हातांचा, आज बराचसा भंगलेला. एक जराही हलत नाही, दुसरा क्षणभरही थांबत नाही. आणि दोन्ही तोच. इथेच पाच मिनिटं थांबलात तर पुढचं लेणं सोपं जातं.

पूर्वेच्या बाजूला दोन कैलास आहेत. एकात रावण खालून पर्वत हलवतोय, दुसऱ्यात शिवपार्वती सारीपाट खेळताहेत. खेळ बिघडलाय, कारण पार्वतीने मान फिरवलीय. सहाव्या शतकातला घरगुती रुसवा, दुसरं काय!

पश्चिमेला अंधकासुरवध आणि शिवपार्वतीचं लग्न समोरासमोर. अंधकासुराच्या शिल्पातला शिव धावून आलेला, दात बाहेर, डोळे वटारलेले. एका हातात रक्त झेलायला धरलेलं कपाल, म्हणजे थेंब जमिनीवर पडून नवे राक्षस उठायला नकोत. त्याच्यासमोरचं कल्याणसुंदर, म्हणजे लग्नाचं शिल्प, हे माझं सगळ्यात आवडतं. पार्वती शिवाच्या उजव्या बाजूला उभी आहे. लग्न लागेपर्यंत वधू उजवीकडे, लागल्यावर ती वामांगी. म्हणजे शिल्पकाराने नेमका पाणिग्रहणाचा क्षण पकडलाय. ती किंचित कललेली, नजर खाली, आणि मागून तिचा बाप तिला हळूच पुढे करतोय. खालच्या बाजूला बसून ब्रह्मदेव भटजीपण करताहेत. पाय तुटलेत, हात तुटलेत, पण ती मान अजून तशीच झुकलेली आहे. बायकोने पहिल्यांदा हे शिल्प पाहिलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझे बाबाही असेच मागे उभे होते."

मधली मोठी मूर्ती म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश ना?

नाही, हो. हा गैरसमज पाठ्यपुस्तकांपासून कॅलेंडरांपर्यंत सगळीकडे पसरलाय. त्रिमूर्ती हे नाव रूढ झालं खरं, पण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. म्हणून तिला सदाशिव किंवा महेशमूर्ती म्हणायचं. शिवाला पाच मुखं मानतात. इथे तीन दिसतात, चौथं मागे दगडात आणि पाचवं वर, ते आपण मनाने बघायचं.

समोर उभे राहा. तुमच्या डाव्या हाताचं मुख अघोर: भुवया आक्रसलेल्या, मिशी, हाताशी नाग. उजव्या हाताचं वामदेव, त्याला उमेचंही म्हणतात: कुरळे केस, मोत्यांचे सर, हातात कमळ, ओठ भरलेले. मधलं तत्पुरुष, डोळे मिटलेलं. एकाच धडातून राग आणि लालित्य दोन्हीकडे वळतात आणि मध्ये काहीच घडत नाही. नुसतं मुख आणि खांदे एवढीच मूर्ती, तरी उंची माणसाच्या तिपटीहून जास्त. सगळा देव कोरला असता तर डोंगर पुरला नसता!

थेट जवळ जाऊ नका. आधी दारापाशीच उभे राहून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग खांबांच्या रांगेतून सावकाश पुढे या. वीसेक पावलांवर अशी एक जागा येते, जिथे दोन्ही बाजूंचे खांब चौकटीसारखे होतात आणि मूर्ती भिंतीतून पुढे आल्यासारखी वाटते. ती जागा ज्याची त्याने शोधायची.

दोन्ही बाजूंची शिल्पं विसरू नका. डावीकडे अर्धनारीश्वर: नंदीवर हात टेकून उभा, अर्धं अंग पुरुषाचं, अर्धं स्त्रीचं, बाईच्या हातात आरसा. उजवीकडे गंगाधर: वर ढगांत तीन तोंडांची गंगा उतरतेय, खाली भगीरथ गुडघे टेकून आहे. आणि शेजारी पार्वती. तिच्या उभं राहण्यावरून तिला हा प्रकार फारसा रुचलेला नाही, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

मूर्ती इतक्या कोणी फोडल्या?

पोर्तुगीज सैनिकांनी नेमबाजीसाठी त्यांचा वापर केला, अशी कथा सर्वत्र सांगतात आणि पोर्तुगीज काळात नासधूस झाली यात शंका नाही. पण सगळं त्यांच्याच माथी मारून चालणार नाही. छतातून झिरपणारं पाणी, खारी हवा, शतकानुशतकांची उपेक्षा, गुरं बांधणं, आणि नंतर आलेल्या हौशी लोकांनी कोरलेली स्वतःची नावं, हेही आहेच. काही खांब कोसळलेले होते, ते पुढे नव्याने उभे केले आहेत. जरा निरखून पाहिलंत तर जुना-नवा दगड वेगळा ओळखता येतो.

बाकीची लेणी बघावीत का?

मुख्य लेण्याच्या पूर्व आणि पश्चिम अंगाला छोटी दालनं आहेत. पूर्वेच्या दालनात पायऱ्यांशी सिंह आहेत आणि आत सप्तमातृकांचा, म्हणजे सात मातृदेवतांचा, पट्टा आहे. तो चुकवू नका, कारण तिथे बहुतेक कोणीच नसतं. पुढे त्याच वाटेवरची लेणी अर्धवट किंवा पडझड झालेली आहेत. पाय मोकळे करायला ठीक. पलीकडच्या टेकडीवर बौद्ध लेणी आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. एकूण लेणी सात, त्यांतली पाच हिंदू.

लेण्यांच्या वरच्या टेकडीवर ब्रिटिशकालीन दोन प्रचंड तोफा आहेत. वीस-पंचवीस मिनिटांची चढण. पोरं सोबत असतील तर लाच म्हणून उपयोगी: आधी लेणं नीट बघा, मग तोफ.

गाईड घ्यावा का?

वेळ असेल आणि माणूस चांगला मिळाला तर जरूर. ओळखायचं कसं? त्याला विचारा, "मधली मूर्ती कोणाची?" ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणाला तर आभार मानून पुढे व्हा.

फोटो काढता येतात का?

येतात. ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. फ्लॅश मारू नका. त्याने मूर्ती सपाट दिसते, सगळी मजा जाते. सकाळी पूर्वेच्या अंगणातून उजेड आत येतो, दुपार कलली की पश्चिमेकडून. लग्नाच्या शिल्पासाठी मी दुपारपर्यंत थांबतो.

जेवणाचं काय?

पायऱ्यांच्या वाटेवर आणि वरती लहानमोठी हॉटेलं आहेत, ताजी मासळी मिळते. पण खरी चैन म्हणजे गावातल्या बायका टोपल्या घेऊन बसतात ती: तिखटमीठ लावलेली काकडी, कैरीच्या फोडी, बोरं, चिंचा, उन्हाळ्यात ताडगोळे. उतरताना ताक प्या. आणि बिल देताना घासाघीस फार करू नका, कारण इथे सगळं सामान बोटीने येतं.

रात्री राहता येतं का?

पर्यटकांना नाही, संध्याकाळच्या बोटीने परतायचं. गावकरी अर्थात राहतात. समोर मुंबई रात्रभर लखलखत असताना या गावांत स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं पक्की वीज नव्हती. संध्याकाळी काही तास जनरेटर, मग अंधार. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. दुकानदाराशी दोन शब्द बोललात तर हे तो स्वतःच सांगतो, फ्रीजकडे बोट दाखवून.

बोट लागते / वेळ नाही. दुसरीकडे असं काही आहे?

आहे की. जोगेश्वरी पूर्वेला, वस्तीच्या खाली दडलेलं लेणं घारापुरीच्याच सुमाराचं, आकाराने मोठं, आणि तिथे देवीची पूजा रोज चालते. शिल्पं फार झिजलीत, पण लांबलचक मंडपातून चालताना मुंबईचा आवाज बंद होतो. बोरिवलीजवळ मंडपेश्वर आहे. पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं होतं, एका शिल्पाच्या जागी कोरलेला क्रूस आजही दिसतो. आणि वेरूळला गेलात तर एकोणतिसावं, धुमार लेणं बघा. घारापुरीचा भाऊच तो. सगळे कैलासाकडे धावतात, हे एका टोकाला पडून राहतं. मात्र वेरूळ मंगळवारी बंद असतं. हा वारही लक्षात ठेवा, मेव्हण्यांचे टोमणे वाचतील.

लहान मुलं कंटाळत नाहीत का?

माहिती सांगत सुटलात तर कंटाळतात. त्यांना शोधायला लावा: नंदी किती सापडले? ऐरावतावर बसलेला इंद्र कुठे? कोणाच्या हातात आरसा? द्वारपालांच्या पायाशी टेकलेले बुटके गण मोजा. आमचा सात वर्षांचा भाचा नटराजासमोर कितीतरी वेळ उभा होता. मला वाटलं कंटाळला. जवळ गेलो तर तो तुटलेल्या खांद्यांवरून बोट फिरवत, हवेतच, गेलेले हात कुठे असतील ते आखत होता. "सहा झाले," म्हणाला, "दोन सापडत नाहीयेत." शेवटची बोट गाठायची होती म्हणून त्याला ओढतच खाली आणला.